थोरलीची सही

महिन्याच्या सात तारखेला धाकटी बचत कार्यालयात जायची ती दोन स्लिपा घेऊन. एक स्वतःची, एक थोरल्या बहिणीची. अकरा वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. तापानं अंग फणफणत होतं तेव्हा चुकला नाही, दोघी कामाला होत्या त्या लाँड्रीत दीड महिना संप चालला तेव्हा चुकला नाही, आणि थोरलीला जाऊन एकोणीस दिवस झाले होते त्या सात तारखेलाही चुकला नाही.

खरं म्हणजे त्या दिवशी ती थोरलीचं खातं बंद करायलाच गेली होती. मृत्यूचा दाखला पिशवीच्या आतल्या कप्प्यात चार घड्या घालून ठेवला होता. काय बोलायचं ते रांगेत उभ्या उभ्या मनात जुळवूनही झालं होतं. पण तिचा नंबर आला आणि खिडकीतल्या बाईंनी नेहमीसारखं मान वर न करताच विचारलं, "काय धाकटे, ताई कशी आहे?"

"बरी आहे," धाकटी म्हणाली.

जिभेला सवयच ती. बाईंनी हात पुढे केला, धाकटीनं दोन्ही पासबुकं दिली. यंत्र खरखरलं. थोरलीच्या पासबुकात एक नवी ओळ उमटली, आणि शाई इतकी ओली होती की धाकटीच्या बोटाला लागली. ती बाजूच्या बाकावर जाऊन बसली आणि बोटावरचा तो निळा डाग बघत राहिली. जगात सगळीकडे थोरलीचं नाव पुसलं जात होतं. लाँड्रीच्या हजेरीपटावर तिच्या नावावर काट मारून झाली होती, तिच्या खुंटीवर दुसऱ्या कुणाचा एप्रन आला होता. इथं मात्र ती अजून पैसे भरत होती.

खोटं बोलणं वेगळं आणि खरं बोलायला जीभ न उचलणं वेगळं, असं म्हणतात. असेलही. पण त्याच संध्याकाळी थोरली घरी आली.

दार वाजवून आली असं नाही. दोघींची खोली घरमालकिणीच्या स्वयंपाकघराच्या वर होती. जिना लाकडी, आणि त्याची वरून तिसरी पायरी करकरायची. दिवसभर उभं राहून पाय सुजलेली थोरली त्या पायरीवर रोज दम खायला थांबायची. त्या संध्याकाळी पायरी करकरली, मधे दम खाण्याइतका वेळ गेला, आणि पुन्हा करकरली. दारात कुणी दिसलं नाही. फक्त गरम कापडाचा आणि स्टार्चचा वास आत आला. तो वास धाकटीच्या कपड्यांनाही यायचा, पण हा दाट होता, नुकत्याच उघडलेल्या इस्त्रीच्या प्रेसमधून वाफ यावी तसा.

धाकटी भ्यायली नाही. सख्ख्या बहिणीला कसलं भ्यायचं? तिनं आधणात अजून एक कप पाणी ओतलं.

आता हे खातं काय होतं ते सांगायला हवं. भाड्याच्या खोल्यांत जन्म काढणाऱ्यांसाठी सरकारनं ही खाती काढली होती. दरमहा ठरलेली रक्कम भरायची, मधे काढायची नाही, आणि आयुष्यातलं पहिलं घर घ्याल त्या दिवशी तुमच्या चार पैशांत सरकार पाचवा आपला घालणार. त्याला सगळे 'भर' म्हणत. दोघा खातेदारांनी मिळून एक घर घेतलं तर दोन्ही खात्यांना भर मिळायची. मात्र घर घेण्याआधी खातेदार वारला, तर वारसाला मुद्दल तेवढं परत, भर बुडाली. सरकार जित्या माणसाच्या डोक्यावर छप्पर घालणार होतं, मेलेल्याच्या नव्हे.

आईवडील गेले तेव्हा थोरली एकोणीसची होती आणि धाकटी अकराची. त्यानंतर दोघींनी सहा खोल्या बदलल्या. दर वेळी घरमालक एक महिन्याची मुदत द्यायचा, दर वेळी थोरली डबे बांधताना म्हणायची, "एक दिवस असं घर घेऊ, जिथून आपल्याला फक्त खांद्यावरून काढावं लागेल." ती हे हसत म्हणायची. ही खाती निघाल्याचं तिनंच कुठंतरी वाचलं आणि पोटाला चिमटा घेऊन पहिला हप्ता बाजूला काढला.

ज्या आठवड्यात खाती उघडायची, त्याच आठवड्यात थोरलीचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. इस्पितळांच्या चादरी धुण्याची ती लाँड्री. थोरली वाफेच्या प्रेसवर, धाकटी घड्यांच्या टेबलावर. हात मनगटापर्यंत भाजला, बोळ्यासारखं बँडेज बांधलं. कार्यालयात म्हणाले, अंगठा चालेल, डाव्या हाताचा उठवा. थोरलीचा चेहरा लाल झाला. "सातवीत पहिली आले होते मी. अंगठा नाही लावणार," ती धाकटीच्या कानात म्हणाली. दोघी अर्ज घेऊन बाहेर आल्या, आणि बाहेरच्या बाकावर थोरलीनं धाकटीला सही करायला लावली. "माझं नाव लिही. नीट, वळणदार लिही. आपल्या दोघीत तुझं माझं काय आहे?"

तीच नमुना सही म्हणून दप्तरी लागली. हात पुढे बरा झाला पण तीन बोटं आखडून गेली ती गेलीच. थोरलीला पेन धरता यायचं, पण तिची सही वाकडीतिकडी व्हायची, शाईत पाय बुडालेली मुंगी कागदावरून गेल्यासारखी. ती सही कार्यालयात चालली नसती, म्हणून अकरा वर्षं थोरलीच्या प्रत्येक स्लिपेवर सही केली ती धाकटीनं. यात दोघींना कधी काही वावगं वाटलं नाही. एकीचा हात दुसरीच्या उपयोगी पडला, एवढंच.

पुढची सात तारीख आली. "ताई कशी आहे?" "बरी आहे." त्याच्या पुढचीही गेली. पासबुकात जशा ओळी वाढल्या तशी थोरली भरत गेली. आधी नुसता वास होता. मग सकाळी दुसरा कप पालथा घातलेला मिळू लागला. मग अंथरुणाच्या भिंतीकडच्या अंगाला, जिथं थोरली निजायची, तिथं उशीत खळगा दिसू लागला.

आणि मग ती चादर. चादरीची घडी एकटीनं नीट पडत नाही. समोर दुसरं माणूस लागतं. दोन टोकं तू धर, दोन मी, एक झटका, मग चालत येऊन टोकाला टोक जुळवायचं. घरच्या चादरीही दोघी अशाच घालायच्या. थोरली गेल्यापासून धाकटी त्या कशाबशा गोळा करून फडताळात कोंबायची. एका रविवारी भर दुपारच्या उन्हात ती गच्चीवरून वाळलेली चादर काढत होती. सवयीनं तिनं दोन टोकं धरली, सवयीनंच झटका दिला. पलीकडची टोकं खाली पडली नाहीत. चादर तिच्यासमोर हवेत ताणून उभी राहिली, मधोमध पन्हळीसारखा झोळ पडला, आणि पलीकडून बारीकसा, ओळखीचा झटका आला.

धाकटी चालत पुढे गेली. पलीकडची टोकं तिच्या हातात आली ती कढत होती. उन्हानं तापली म्हणावं तर आपली टोकं थंड होती. घडी मात्र अशी चौकोनी पडली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

थोरली बोलायची नाही. एवढी एकच गोष्ट धाकटीला खुपायची.

घरमालकीण मात्र दोघींच्या वाटचं बोलायची. "पोरी, एकटीला दोन कप चहा लागतो? कुणी येतंजातं की काय? येऊ दे बाई, मी कशाला नाही म्हणू. फक्त माणूस वाढलं की भाडं वाढतं हो."

आठव्या महिन्यात घर सापडलं. दलाल बडबड्या होता. जिना चढताना म्हणाला, "मॅडम, घर पहावं बांधून म्हणतात. हे बांधलेलं आहे. तुम्ही नुसतं पहा." दुसरा मजला, दोन खोल्या. स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती, आणि नळाला इतकं जोरात पाणी होतं की धाकटीनं तो तीनदा सोडून बघितला. मालकाला मुलीकडे परदेशी जायची घाई होती, म्हणून किंमत उतरली होती. पण उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

धाकटीनं हिशेब मांडला. दोन्ही खात्यांचं मुद्दल आणि दोन्ही भर मिळून घर बसत होतं, वर थोडंसं कर्ज. थोरलीच्या खात्याची भर वजा केली की घर हातचं जात होतं. गाठ एवढीच होती, आणि ती कुठूनही सोडवायला गेलं तरी तिथंच घट्ट होत होती.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. त्यांना धाकटीपेक्षा जास्त आनंद झाला होता. "अकरा वर्षं बघतेय मी तुम्हा दोघींना. घराचा कागद तुझ्या एकटीच्या नावावर झाला तरी चालतो, फक्त अर्जावर दोघींची सही. ताईला यायला नको गं, तिचे पाय दुखतात ना? घरीच सही करून आण. हे एक वाचून घे मात्र. पाच वर्षं दोघींना तिथं राहावं लागतं. आमचा माणूस मधे येऊन बघून जातो."

धाकटीनं वाचलं. 'आम्ही दोघी या घरात वास्तव्य करू, याची हमी देतो.'

गुरुवारी दुपारी ती अर्ज घेऊन टेबलाशी बसली. आधी स्वतःची सही केली. मग पेन थोरलीच्या रकान्यावर नेलं आणि थांबली.

"ताई, करू ना?"

खोलीत स्टार्चचा वास होता. तो टेबलापाशी आला, मग हळूहळू खिडकीकडे गेला, मग दाराकडे. दाराशी बराच वेळ राहिला. याचा अर्थ काय होतो ते धाकटीनं स्वतःला विचारलं नाही. माणसाला जे नको असतं ते त्याला कळत नाही. ती म्हणाली, "तुझंच तर स्वप्न होतं," आणि वळणदार अक्षरात थोरलीचं नाव लिहिलं. हात अजिबात कापला नाही. अकरा वर्षांचा सराव होता. ती सही खोटी आहे असं जगात कुणी म्हणू शकलं नसतं, कारण खरी म्हणून दप्तरात होती तीच मुळी धाकटीची होती.

घर मिळालं. सामान चार फेऱ्यांत आलं. पाचव्या फेरीत धाकटीनं थोरलीची उशी स्वतः छातीशी धरून आणली आणि आतल्या खोलीत खिडकीच्या बाजूला ठेवली. दारावर दोन नावांची पाटी लावली. पहिल्या रात्री ती इतकी गाढ झोपली की सकाळी लाँड्रीत उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी उठली तर दाराची कडी उघडी होती.

विसरले असेन, ती म्हणाली. त्या रात्री कडी लावून वर कुलूप घातलं. सकाळी कुलूप दारापाशी जमिनीवर होतं, किल्ली त्यातच, आणि कडी उघडी. तिसऱ्या दिवशीही तेच. बाहेरून कुणी आलं नव्हतं, कारण कडी आतून होती. आत यायला म्हणून ती कुणी उघडत नव्हतं.

जुन्या खोलीत थोरली आली की धाकटीला ऊब वाटायची. इथं तसं होईना. दुसरा कप आता भरलेला तसाच राहायचा, वर साय धरायची. उशीवर खळगा पडायचा नाही. चादर झटकली की पलीकडची टोकं जमिनीवर पडायची. थोरली घरात होती, पण धाकटीजवळ नव्हती. स्टार्चचा वास कायम एकाच जागी असायचा, दारापाशी, आणि तिथून ओलांडताना अंगाला वाफ लागावी तसा चटका बसायचा. धाकटी दार उघडायची तेव्हा वास पुढे झेपावायचा, उंबऱ्याशी अडायचा, आणि मागे फिरायचा. बांधलेलं जनावर दोरी संपेपर्यंत जातं, तसा.

"ताई, काय हवंय तुला?" ती विचारायची. भिंती नव्या रंगाच्या होत्या, आवाज घुमून परत यायचा.

समोरच्या घरात एक वहिनी राहायच्या, भल्या होत्या, चौकस होत्या. एकदा जिन्यात त्यांनी धाकटीला गाठलं. "तुमच्या ताई काही बोलत नाहीत हो. काल दारात उभ्या होत्या, मी म्हटलं या चहाला, तर नुसतं बघत राहिल्या. रागावल्यात का आमच्यावर?"

धाकटीनं एकदा वर आपल्या दाराकडे बघितलं. तोवर तिला वाटायचं, थोरली फक्त आपल्याला कळते. "तिला बरं नसतं," ती कशीबशी म्हणाली.

"हं, चेहरा ओढलेला वाटला. आणि हातही भाजलाय ना उजवा? मलम लावा काहीतरी."

त्यानंतर धाकटी लाँड्रीत जास्तीच्या पाळ्या मागून घेऊ लागली. अकरा वर्षं जोडून घेतलेलं घर, आणि संध्याकाळ झाली की तिला तिथं जाववेना. टेबलावरच्या बाया म्हणायच्या, "अगं जा की घरी, स्वतःचं घर आहे तुझं." ती म्हणायची, "हप्ते फेडायचेत." चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं तिचं. कुणी सहज विचारलं तरी तिला उलटतपासणी वाटायची.

सहा महिन्यांनी तपासनीस आला. धाकटी कामावर होती. घरी परतली तर दारात वहिनी वाट बघत होत्या. "तुमच्याकडे सरकारी माणूस येऊन गेला. तुमच्या ताईंनी दार उघडलं, कागदावर सही दिली. मला म्हणाला, छान आहे घर."

आत टेबलावर कार्बनची प्रत होती. 'भेटीच्या वेळी हजर रहिवासी : एक.' खाली सही होती. तीन आखडलेल्या बोटांनी पेन धरून केलेली, शाईत पाय बुडालेली मुंगी कागदावरून गेली होती.

ती सही धाकटीखेरीज कुणी कधी पाहिली नव्हती. धाकटीनं प्रत उचलली आणि कागद गरम लागला. ती रात्रभर दिवा लावून बसली. कडी उघडीच होती. तिनं ती लावली नाही.

नवव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. सही नमुन्याशी जुळत नाही, सहखातेदारास घेऊन समक्ष यावे. खुलासा न झाल्यास दोन्ही खात्यांची भर दंडासह वसूल करण्यात येईल. दोन्ही म्हणजे घरच गेलं. तेवढे पैसे घर विकूनच उभे राहिले असते.

धाकटी एकटीच गेली. खिडकीतल्या बाईंनी तिला आत बोलावून खुर्ची दिली. त्यांचा स्वर काळजीचा होता. "ताई नाही आली?"

"नाही."

"बरं, हे बघ. घाबरू नकोस. मला माहीत आहे तिच्या हाताचं. वय झालं की जुनी दुखणी वर येतात. डॉक्टरची एक चिठ्ठी आण, बोटं आखडल्यामुळे सही बदलली म्हणून. मी घरी येऊन नवी नमुना सही घेईन, हवं तर कागद तुझ्याकडेच देते, तूच घेऊन ये. मिटलं."

एवढं सोपं होतं. एक चिठ्ठी आणि एक वाकडी सही. धाकटीला ती वाकडी सहीसुद्धा काढता आली असती. अकरा वर्षं तिनं थोरलीचं सगळं बघितलं होतं. पुढची साडेचार वर्षं निघाली असती आणि घर कायमचं झालं असतं. पण त्यासाठी घरातल्या त्या दुसरीलाही साडेचार वर्षं दारापाशी काढावी लागली असती.

शेजारच्या टेबलावर एक माणूस डबा खात होता. बाई त्याला म्हणाल्या, "अहो, तुम्हीच गेला होतात ना यांच्याकडे? सांगा बघू, ताई कशा होत्या?"

तपासनिसानं घास गिळला. "चांगल्या होत्या की. उभ्याच होत्या, मी म्हटलं बसा ना, तर नको म्हणाल्या. सही करताना फार त्रास झाला त्यांना, घाम फुटला. मी म्हटलं राहू द्या, मी लिहितो घरी होत्या म्हणून. तर म्हणाल्या, नाही, माझी मलाच करू द्या." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "मग मी आपलं नेहमीचं विचारलं, इथंच राहता ना? हसल्या थोडं. म्हणाल्या, धाकटी सोडत नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "किती जीव आहे बघा एकमेकींवर."

धाकटी हसली नाही. वर्षभर गच्चीवर, टेबलाशी, नव्या घराच्या घुमणाऱ्या भिंतींशी तिनं बोल म्हणून विनवलं होतं, आणि थोरली बोलली ती परक्या माणसाशी. बोलली तेही तक्रारीनं नाही, हसून, डबे बांधताना बोलायची तसं. धाकटीला एकाएकी कळलं की आपण बहिणीला घर दिलं नाही. घरमालक होऊन तिला अडकवून ठेवलं, आणि घरमालक देतात ती महिन्याची मुदतसुद्धा दिली नाही.

तिनं पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात घातला. दाखला घड्यांवर फाटायला आला होता. तो उलगडून तिनं बाईंच्या समोर ठेवला आणि बोटानं तारीख दाखवली.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. तपासनीस टेबलावरून वाकून बघू लागला आणि तसाच वाकलेला राहिला.

"सव्वा वर्ष झालं," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि दर महिन्याला मी तुला विचारत होते."

"हो."

"अर्जावरची सही?"

"माझी. पहिल्यापासूनच्या सगळ्या माझ्याच. तिचा हात भाजला होता, अंगठा लावायची तिला लाज वाटली. ती खोटी नव्हती तेव्हा. नंतरच्या आठ महिन्यांच्या स्लिपा आणि अर्ज, तेवढं खोटं."

तपासनीस हलक्या आवाजात म्हणाला, "मग माझ्या कागदावरची सही कुणाची?"

"तिची," धाकटी म्हणाली. "तुमच्या सगळ्या दप्तरात तेवढी एकच तिची आहे. जपून ठेवा."

बाई खुर्चीवरून उठल्या. मग त्यांनी कपाटातून दुसरा अर्ज काढला, खातेदाराच्या मृत्यूची नोंद करण्याचा, आणि हिशेब करून सांगितलं. स्वतःहून कबूल केलं म्हणून धाकटीच्या खात्याची भर राहील. थोरलीच्या खात्याची परत करावी लागेल, वर दंड. सहा वर्षांचे हप्ते. दोन हप्ते चुकले तर घर विक्रीला काढतील. "रविवारची पाळी करावी लागेल तुला," त्या म्हणाल्या.

"करीन."

'वारसाची सही' असं छापलेल्या जागी धाकटीनं पेन टेकवलं. या वेळी हात कापला. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की बाईंनी ते दोनदा निरखलं, पण त्यावर काही न बोलता शिक्का मारला. थोरलीचं पासबुक त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलं.

घराकडे येताना धाकटी दोन चौक आधीच बसमधून उतरली आणि चालत आली. घरात थोरली असावी असं वाटत होतं, आणि नसावी असंही. कुठलं जास्त, ते तिला सांगता आलं नसतं.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर वहिनी भाजीची पिशवी घेऊन वर चढत होत्या. "अहो, तुमच्या ताई आत्ता भेटल्या मला खाली. फाटकातून बाहेर पडत होत्या. मी विचारलं कुठं निघालात, तर आज पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, दार लोटून आलेय, धाकटीला सांगा. आवाज किती गोड आहे हो त्यांचा." वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कुठं गेल्यात? कधी येतील?"

धाकटीनं वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावर तिचं दार नुसतं लोटलेलं होतं. जिन्यात रंगाचा वास होता, कुणाच्या तरी फोडणीचा होता. स्टार्चचा नव्हता.

"येणार नाही ती, वहिनी," ती म्हणाली. "वारली. सव्वा वर्ष झालं."

वहिनींनी एकदा खाली फाटकाकडे बघितलं, एकदा धाकटीच्या तोंडाकडे. मग कठड्याला धरत धरत त्या तिथंच पायरीवर बसल्या. पिशवी कलंडली आणि दोन कांदे गडगडत खालच्या मजल्यापर्यंत गेले. धाकटी खाली उतरून ते घेऊन आली, पिशवीत ठेवले, आणि त्यांच्या शेजारी बसली.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी सांगते तुम्हाला सगळं. पहिल्यापासून सांगते."